बाईंचा सरसाचा साचा

कुणाचीही मूर्ती समोर आली की बाई आधी ती आडवी करायच्या आणि बुडाच्या भोकातून कोपरापर्यंत हात आत घालायच्या. चेहरा नंतर. डोळे मिटून आतली भिंत चाचपायच्या आणि मग निकाल द्यायच्या. "पुढनं काय, कुनीबी हसतंय. आतनं बघावं मानसानं."

गणपतीच्या दिवसांत बाजारातून जाताना त्या दुसऱ्यांच्या मूर्तींनाही सोडत नसत. एकदा एका दुकानात त्यांचा हात बांगड्यांसकट गणपतीच्या पोटात अडकला. दुकानदार ओरडतोय, गिऱ्हाइकं जमलीत, आणि बाई शांतपणे सांगताहेत, "सोंडंच्या मागं पातळ पडलंय तुझं. विसर्जनाआधीच विसर्जन हुईल." हात कसाबसा निघाला. त्या दुकानानं मात्र आम्हा दोघांना पुन्हा कधी उभं केलं नाही. माझा काय गुन्हा होता? मी नुसता पिशवी धरून बरोबर होतो.

ही गोष्ट १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. नगरात वेशीच्या आत माझं पाट्या रंगवायचं दुकान होतं आणि त्याला लागून बाईंची पत्र्याची लांबलचक शेड. नवरा गेल्यावर हा मूर्तींचा कारखाना बंद पडणार अशी सगळ्या गल्लीची खात्री होती. बाईंनी मागचं परसही पत्र्याखाली घेतलं आणि कारखाना वाढवला. पाट्यांचं काम नसलं की मी तिथं मूर्तींचे डोळे आखायला जायचो. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. "ए पेंटर!" एवढंच, आणि तेही भिंतीपलीकडून.

बाईंची खरी ख्याती होती ती सरसाच्या साच्याची. सुतार लाकूड चिकटवायला वापरतात तोच सरस. रात्री भिजत घालायचा, सकाळी पाण्याच्या घमेल्यात भांडं ठेवून वितळवायचा आणि मातीच्या मूर्तीवर ओतायचा. थंड झाला की रबरासारखा लवचिक साचा तयार. कडक प्लास्टरचा साचा मूर्तीच्या खाचाखोचांत अडकून बसतो. सरसाचा मात्र केळीच्या सालासारखा सोलून निघतो. त्यात पातळ प्लास्टर घालायचं, साचा हातांवर फिरवत राहायचं, म्हणजे आतून सगळीकडं एक थर बसतो. उरलेलं ओतून द्यायचं. मग काथ्या घालून दुसरा थर. मूर्ती निघते ती पोकळ, भाकरीएवढ्या जाडीची आणि हलकी.

सरस होतो हाडाकातड्याचा. तो शिजायला लागला की गल्लीतली माणसं दारं लावून घ्यायची आणि कुत्री दारात येऊन बसायची. चांगली ओळीनं, पंगतीला बसल्यासारखी. शेजारच्या मास्तरांनी एकदा तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तर, एवढी कुत्री वळीनं बसवून दाखवा तुमच्या शाळंत, मग बोला."

विनय हा प्रकार त्यांच्यापाशी औषधालाही नव्हता. मूर्ती साच्यातून निघाली की कमरेवर हात ठेवून त्या तिच्याकडं बघत आणि मला विचारत, "असा साचा नगरात दुसरं कुनी करतं का? करतं का, सांग." मी "नाही, बाई" म्हणायचं. उशीर झाला तर चहा उशिरा. तुम्ही म्हणाल, बढाईखोर बाई. होत्याच. पण बढाई मारून त्या तेवढं काम करून दाखवायच्या, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार?

दुष्काळाचं ते वर्ष. चैत्र नुकता लागला होता आणि नगरचं ऊन आत्ताच पत्रा तडकवत होतं. एक दिवस शेडच्या दारात एक ताठ म्हातारा उभा राहिला. इस्तरीचा पांढरा सदरा, कापून नीट केलेल्या मिशा, पायात फौजेतले बूट. जामखेडच्या पलीकडच्या एका गावचे. पलटणीतून पेन्शनीत आलेले, म्हणून सगळे त्यांना हवालदार म्हणत. त्यांच्या वस्तीनं स्वतःच्या हातांनी दगडी विहार बांधला होता. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडून बाया-माणसं संध्याकाळी विहाराचे दगड वाहायची. आता बुद्ध पौर्णिमेला मूर्ती बसवायची होती. आसपासच्या वस्त्यांना आवतणं गेली होती.

"जयभीम, बाई. मूर्ती पायजे. बसलेली," हवालदार म्हणाले. "पर एक अट हाय. भरीव पायजे."

बाईंनी भुवया वर केल्या. भरीव मूर्तीला त्या 'गोळा' म्हणत. कुणी भरीव मागितली तर त्याला दाराबाहेर काढेपर्यंत ऐकवत. मी ब्रश खाली ठेवून तमाशा बघायला सरसावलो.

"का बरं भरीव?" त्यांनी विचारलं.

"आजवर आमाला ज्ये मिळालं त्ये पोकळच मिळालं, बाई. कागदावरचं मिळालं, तोंडावरचं मिळालं. ह्यो तरी भरीव बसंल."

बाईंनी हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं, हवालदार. भरीव करू." इतक्या वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदाच नमतं घेताना पाहिलं.

बाईंनी माती घेतली. त्यांचा एक जुना गणपतीवाला गिऱ्हाईक आत डोकावून म्हणाला, "बाई, आता हे बी करायला लागला व्हय तुमी?" बाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "तुमच्या गनपतीची बी हीच माती हाय. बाटली आसंल तर फुडच्या वर्सी दुसरीकडं बघा." तो पुढच्या वर्षी मुकाट्यानं आला, हे इथंच सांगून टाकतो.

मातीचा चेहरा तयार झाला तेव्हा हवालदार वस्तीतल्या चार बायांना घेऊन आले. बायांनी चपला बाहेर काढल्या. ओल्या मातीपुढं हात जोडून त्या उभ्या राहिल्या आणि त्यातली एक पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "ह्योच. ह्यात आता काय बदलू नगा." बाईंना एवढं पुरे होतं. तो सगळा दिवस त्या जमिनीवरून चालत नव्हत्या.

आता धंद्यातली अडचण सांगतो. धडाला तुकड्यातुकड्यांचा कडक साचा चालणार होता, पण डोक्यावरच्या केसांच्या बारीक गाठी आणि लांब कान यांना सरसच हवा. आणि वैशाखात सरसाला हात लावायचा नाही, हा बाईंचाच नियम. उन्हानं तो मऊ पडतो. त्यात प्लास्टर घट्ट होताना स्वतः तापतं. थर जितका जाड, तितकं जास्त. बाईंना हे माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक होतं. तरी शब्द दिला होता, म्हणून त्यांनी डोकं भरीव ओतलं.

आणखी एक सवय त्यांची. साचा झाला की मातीची मूर्ती त्याच दिवशी मोडून हौदात टाकायची. माती जपून ठेवणं म्हणजे स्वतःच्या साच्यावर अविश्वास, असं त्या मानत. याही वेळी त्यांनी तेच केलं.

दुपारी साचा उघडला. उघडला कसला, तो ओघळलाच. सरस काकवीसारखा बोटांवरून गळत होता. आत जे निघालं त्याला केस होते, एक कान होता, पण चेहरा नव्हता. गाल खाली उतरले होते, ओठ वाहून गेले होते. माती मोडलेली, साचा वितळलेला. ज्या चेहऱ्यापुढं त्या बायांनी हात जोडले होते तो आता जगात कुठंच नव्हता आणि पौर्णिमा तोंडावर आली होती.

मला वाटलं, बाई कुणावर तरी ओरडतील. निदान माझ्यावर. त्यांनी पदरानं हात पुसले आणि जमिनीवर बसल्या. "पेंटर," त्या म्हणाल्या, "हवालदारांना सांगावा धाड. या म्हनावं."

मी म्हणालो, "कशाला बोलवता? सांगू, थोडं काम राहिलंय."

"थोडं काम राहिलंय म्हनून खोटं बोलायला मी काय शिंपी हाय?"

हवालदार आले. बाईंनी ते बिघडलेलं डोकं फडक्यानंसुद्धा झाकलं नव्हतं. त्यांच्यापुढं ठेवलं आणि सांगितलं, "हे माझं चुकलं. भरीव वतलं तर सरस टिकत न्हाई, हे मला म्हाईत हुतं. तुमच्या बोलन्याचा मान ठेवला आनि कामाचा मान घालवला. चेहरा मी परत करीन. पर आता माझ्या रीतीनं करीन. पोकळ."

हवालदारांचा चेहरा दगडासारखा झाला. "म्हंजे परत तेच," ते म्हणाले आणि बूट वाजवत दाराकडं वळले. बाई उठल्या, त्यांच्या आडव्या आल्या. कोपऱ्यातला गेल्या वर्षीचा एक गणपती त्यांनी आडवा केला आणि हवालदारांना म्हणाल्या, "हात घाला आत."

"काय?"

"घाला म्हनते ना."

पलटणीतल्या माणसाला हुकूम कळतो. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात आत घातला. बराच वेळ ते चाचपत राहिले. आत एकही खड्डा नव्हता, एकही गाठ नव्हती. जिथं कुणीच कधी बघणार नाही तिथंही हात घसरत जावा इतकं काम नीट होतं. बाई त्यांच्याकडं बघत होत्या आणि मी बाईंकडं. त्या वेळी त्यांचा जीव खरोखर टांगणीला लागला होता. त्यांनी मला तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही, यावरूनच मी ते ओळखलं.

हवालदारांनी हात बाहेर काढला. "आमचा लोखंडी टोप आसाच हुता," ते हळूच म्हणाले. "लढाईत त्यानंच डोस्कं वाचिवलं माझं." मग त्यांना एकदम हसू फुटलं. "करा, बाई. तुमच्या रीतीनं करा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच बाई मातीला बसल्या. माती पुन्हा उभी राहिली. पहिला चेहरा आठवून करताहेत असं मला आधी वाटलं, पण तसं नव्हतं. पहिला थोडा हसरा होता. हा हसत नव्हता. दिवसभराचं काम उरकून, हातपाय धुऊन निवांत बसलेल्या माणसासारखा होता. उजाडायच्या आधी, गार हवेत, बाईंनी सरस ओतला. वापरायच्या पाण्याचीही मारामार होती. त्यांनी अंघोळीचं पाणी गोणपाटांवर ओतून साच्याभोवती गुंडाळलं. आत तुरटीचं पाणी फिरवून सरस कठीण केला. मग प्लास्टरचा एक पातळ थर. तो निवू दिला. मग काथ्या, मग दुसरा. मातीचा चेहरा मात्र त्यांनी या वेळी मोडला नाही. ओल्या फडक्यात बांधून ठेवला. मी तिकडं बघितलं तर म्हणाल्या, "बघू नको. रंग कालव."

साचा सोलला. आधी केस निघाले, मग कपाळ, मग मिटल्यासारख्या पापण्या, मग ओठ. कुठं टवकासुद्धा नाही. धडही पोकळच ओतलं आणि डोकं त्यावर बसवलं. मला गणपतीचे टपोरे डोळे काढायची सवय. ब्रश उचलला तसा बाईंनी मनगट धरलं. "उघडू नको रे. बसू दे निवांत." मी पापण्यांखाली नुसती एक बारीक रेघ ओढली. माझ्या हातून आयुष्यात निघालेली ती सर्वांत चांगली रेघ होती, हे मीही आता कुणी न विचारता सांगतो.

न्यायला आले तेव्हा हवालदार मूर्तीपुढं पाय जुळवून उभे राहिले. सोबतची बाई, त्या दिवशी 'बदलू नगा' म्हणालेली, खूप वेळ बघत राहिली. "ह्यो येगळा हाय," ती म्हणाली. मी बाईंकडं बघितलं. मग तिनंच पुढं म्हटलं, "त्यो देवावानी हुता. ह्यो आपल्यात बसंल."

टेम्पो जामखेडच्या पुढं डांबर संपेपर्यंत गेला. पुढं नदीचं कोरडं, दगडगोट्यांचं पात्र. बैलगाडीत घातली असती तर हादऱ्यांनी तडा गेला असता. भरीव असती तर ती तिथंच राहिली असती. वस्तीतल्या बाया पांढरी लुगडी नेसून अलीकडच्या काठावर उभ्या होत्या. एकीनं मूर्ती डोक्यावर घेतली, ती थकली की दुसरीनं. आपली मूर्ती पोचवायला कधीही न जाणाऱ्या बाई त्या दिवशी उन्हातून मागोमाग चालत होत्या आणि सगळ्यांवर ओरडत होत्या. "डुलू नका! सरळ चाला! पानी न्हाई घ्यून चालला!" त्या बाया हसत होत्या, आणि बाईंच्या आवाजात जो अभिमान होता तो त्या पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत मला टेम्पोपाशी ऐकू येत होता.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेडच्या जागी इमारत उभी आहे. हवालदारही गेले. मध्यंतरी त्या विहाराची पाटी रंगवायचं काम निघालं तेव्हा मी मुद्दाम पौर्णिमेचा दिवस धरून गेलो. नदीवर पूल झालाय. विहारात आता संगमरवराची मोठी मूर्ती आहे, कुणीतरी दान दिलेली. भरीव. सुंदरही आहे, उगीच नावं ठेवणार नाही. ती बसवली तिथून हलत नाही. बाईंची मूर्ती शेजारच्या ओट्यावर होती. रंग नवा, चेहरा तोच.

मी विचारलं, "ही कुणी आणली माहीत आहे का?" "मी आनली," एक म्हातारी म्हणाली. "मी बी हुते," दुसरी म्हणाली. मग तिसरी. तेव्हा अंगणात होत्या तेवढ्या सगळ्या म्हाताऱ्यांनी ती आणलेली निघाली. एक विशीतली सून मागून म्हणाली, "मीच आणली." मी हसून म्हणालो, "अगं, तेव्हा तुझा जन्म तरी झाला होता का?"

"मग काय झालं?" ती म्हणाली. "दरसाली मिरवणुकीला हीच निघती. दरसाली आमीच न्हेतो, आमीच आनतो."

मी त्यांना बाईंबद्दल सांगायला लागलो. सरस, कुत्री, वितळलेला चेहरा, सगळंच सांगायचं होतं. पण बाहेर ताशा वाजला आणि ऐकायला कुणी थांबलंच नाही. त्या सुनेनं पदर खोचला, डोक्यावर चुंबळ नीट केली, दोघींनी मूर्ती उचलून वर ठेवली, आणि एक हातही न लावता ती ताठ मानेनं उन्हात चालू लागली.