अण्णाराव पेंटरच्या म्हशी दावणीला आल्या

अण्णाराव पेंटरबद्दल मी वाईट काही बोलणार नाही. एका बैठकीत ते सगळं सांगून होणारही नाही. आज फक्त म्हशीचं तेवढं सांगतो.

उमरीजवळच्या आमच्या गावात अण्णारावला थोडी कोरडवाहू जमीन, पण त्याचा खरा जीव कुंचल्यात. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, लग्नघराच्या दाराशेजारी नवरा-नवरीची नावं, सगळं तोच रंगवायचा. एकाच दिवशी रस्त्याच्या या भिंतीवर एका उमेदवाराची निशाणी काढायचा, समोरच्या भिंतीवर दुसऱ्याची, आणि दोघांनाही म्हणायचा, "हात माझा लई गुणाचा हाय, साहेब. तुमीच येताव!" तालमीच्या दारावर त्यानं काढलेला वाघ आजही आहे. त्याच्या तोंडाकडं बघून सासुरवाडीत मुक्काम वाढलेल्या जावयाची आठवण येते.

मग फ्लेक्स आला. गावातला जो तो वाढदिवसाला गॉगल घालून चौकात लटकू लागला आणि अण्णारावचे कुंचले वाळले. दुसऱ्या कुणी शेळ्या पाळल्या असत्या. यानं लेकरांसाठी पुस्तक लिहिलं.

'म्हैस बसली रेल्वेत' हे त्याचं नाव. डबक्याला कंटाळलेली एक म्हैस उमरीला गाडीत चढते, खिडकीच्या जागेसाठी भांडते, आणि सगळेच मुदखेडला गाडी बदलतात म्हणून तीही मुदखेडला उतरते. आता पुढं कोणत्या गाडीत बसावं, याचा विचार करत ती फलाटावर उभी राहते. संपलं पुस्तक. रंगीत छपाई झेपेना म्हणून चित्रं नुसत्या काळ्या रेघांची. वर छापखान्यात पानांचा मेळ बसला नाही आणि शेवटची चार पानं कोरीच राहिली. म्हशीचा तोंडवळा अण्णारावच्या शेजारच्या केवळाबाईसारखा आहे असं मी म्हणत नाही. गाव म्हणतं. केवळाबाई मात्र पुढं अख्खा हंगाम अण्णारावशी बोलली नव्हती, एवढं मला ठाऊक आहे.

पुस्तकं आली आणि लोखंडी पेटीत जाऊन बसली. अण्णारावची बायको नागाबाई बोलायला तिखट. "आवो, या पेटीत ज्वारी ठिवायची का म्हशी?"

त्यावर अण्णारावनं तोड काढली. लग्नाच्या आहेरात टॉवेल-टोपी द्यायचं सोडून तो पुस्तक देऊ लागला. चमकीच्या कागदात गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून. ज्या घरी लग्न त्या घरी लेकरं असणारच, हा त्याचा हिशेब.

हिशेब बरोबर होता, पण आमच्याकडची आहेराची रीत तो विसरला. आमच्याकडं आहेर उघडत नाहीत, फिरवतात. आलेला टॉवेल ट्रंकेत जातो आणि पुढच्या लग्नाला जसाच्या तसा बाहेर पडतो. असे टॉवेल मी पाहिलेत की ज्यांनी आमच्या पाहुण्यांपेक्षा जास्त गावं हिंडलीत, पण ज्यांना अजून कुणाचं अंग पुसायला मिळालेलं नाही. मग पुस्तकाची काय कथा!

पहिल्याच लग्नात धोंडप्पा माइकवर होता. आमच्या गावचा आहेर तोच पुकारतो. आवाज असा की विहिरीतलं कासव वर यावं. त्यानं पाकीट हातात घेतलं, दाबलं, कानाशी हलवलं आणि जाहीर केलं, "अण्णाराव पेंटर यांच्याकडून नवरदेवास... पाटी!"

मांडव हसला. अण्णाराव उभा राहून ओरडला, "पुस्तक हाय, पुस्तक!" तोवर धोंडप्पा पुढच्या टोपीवर पोचला होता.

त्यानंतर अण्णाराव जिथं माणूस भेटेल तिथं गाठायचा. एकदा चहाच्या हॉटेलात धोंडप्पाच सापडला.

"वाचलं का पुस्तक?"

"हाव! लई भारी, पेंटर."

"मंग सांगा, म्हैस कुठं उतरली?"

धोंडप्पानं बशीतला चहा सावकाश संपवला. "तुमची म्हैस. तुमी म्हणाल तिथं उतरंल की!"

आम्ही सगळे हसलो. अण्णाराव हसला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "काका, दुसरं पुस्तक लिहून राहिलो. शेळीचं. पण पह्यलं कोन्या एका लेकरानंबी वाचलं नसंल, तर हे कुणासाठी लिहू? लेकीच्या, तनूच्या लग्नापत्तुर वाट पाहतो. एक लेकरू भेटलं तर लिहितो. न्हाई तर शेळी सोडून देतो आन् कुंचले चुलीत घालतो."

चेष्टा माझ्या ओठावर आली होती, ती गिळली. माणूस खरं बोलत होता.

लेकरांना त्यानं विचारलं नाही असं नाही. शाळा सुटली की वाटेत उभा राहायचा. "म्हशीचं पुस्तक पाह्यलं का रे कोनी?" लेकरं एकमेकांकडं बघायची आणि दप्तरं सावरत धूम पळायची. अण्णाराव मान खाली घालून घरी यायचा.

अशात तनुजाचं लग्न आलं. पोरगी शिकलेली, मुलगा किल्लारीकडचा. धोंडप्पानं माइक हातात घेतला आणि आहेर सुरू झाला. टॉवेल, टोपी, टॉवेल. मग एक चपटं पाकीट.

"पाटी!" धोंडप्पा म्हणाला.

नंतर लातूरचे पाहुणे आले. "पाटी!" किल्लारीचे आले. "पाटी! आन् ही आनिक एक पाटी! मंडळी, यंदा शाळा काढायची का काय?"

नवा फेटा बांधलेल्या अण्णारावनं ती पाकिटं पाहिली आणि तो खुर्चीत बसल्या जागी लहान झाला. चमकीचा कागद त्याचाच, आकार त्याचाच. एका सोयऱ्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला असं करत करत त्याचीच पुस्तकं गाव-शिव हिंडून त्याच्याच मांडवात आली होती.

नागाबाई तनुजाला घास भरवता भरवता म्हणाली, "घ्या! तुमच्या म्हशी दावणीला आल्या."

दुसऱ्या दिवशी तनुजाची पाठवणी झालेली, घर सुनं. नागाबाई पेटी उघडून आहेर लावत बसली. मी उगाच गेलो होतो. उगाच म्हणजे, अण्णारावचं तोंड कसं झालंय ते बघायला. तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "ठिवा ज्वारी आता खुशाल. शेळी गेली."

नागाबाईनं केवळाबाईकडून आलेलं पाकीट उलटंपालटं केलं. "आवो, ही चिकटपट्टी तुमची न्हाई. ह्याला तर खळ लावलीय. आन् इथं भाताचं शीत हाय." तिनं कागद फाडला.

म्हैस हिरवी होती.

पोपटासारखी हिरवी. शिंगांना लाल रंग, कानात झुबे. तिकीट तपासणाऱ्याला शाळेतल्या गुरुजींच्या मिशा काढलेल्या. अण्णारावनं पुस्तक हिसकून घेतलं. दुसरं उघडलं, त्यातली म्हैस हळदीनं पिवळी, नवरीसारखी मुंडावळ्या बांधलेली. तिसऱ्यात ती निळी, आणि खिडकीशी बसून वडापाव खाणारी.

आणि त्या निळ्या म्हशीमागची कोरी चार पानं! ती कोरी नव्हतीच. एका अक्षरात लिहिलं होतं: 'म्हैस चुकून आदिलाबादच्या गाडीत बसली.' खाली दुसरं अक्षर: 'मग रडली. मग तिला एका आजीनं भाकर दिली.' त्याखाली तिसरं, वाकडंतिकडं: 'ती लातूरला आली. तिथं तिला क्लास लावला. ती नापास झाली म्हणून किल्लारीला पळाली, तिथं कारखान्यापुढं उसाच्या गाड्यांची लई लांब लाईन होती.'

अण्णाराव उठला. हिरवी म्हैस छातीशी धरून तो तडक शेजारी केवळाबाईच्या अंगणात गेला. मी मागं. असं काही चुकवायचं नसतं.

"केवळाबाई, तनूच्या आहेरातली ही पाटी तुमच्या घरची. ही हिरवी म्हैस कोनी केली?"

केवळाबाईनं चित्राकडं पाहिलं, ते झुबे पाहिले, स्वतःच्या कानाला हात लावला आणि नातीचं बखोट धरलं. "वर्षाराणी! ट्रंकेतला आहेर उघडलास? थांब, सोलूनच काढते तुला!"

"म्या न्हाई, आज्जे!" पोरगी किंचाळली. "रंग माझ्या वर्गातल्या ज्ञानेश्वरीनं दिला! फकस्त शिंगं माझी हायेत! आन् झुबे!"

"आन् बंद कुणी केलं?" अण्णारावनं विचारलं.

"समद्यायनीच. तुमी मारताव म्हनून."

मग एकेक उलगडलं. ट्रंकेत खाऊ असेल म्हणून घरोघरच्या लेकरांनी पाकिटं उघडली होती. आत म्हैस निघाली. ती रंगवली, वाचली, पुढं लिहिली आणि मार चुकवायला भाताच्या शितानं पुन्हा चिकटवून जागेवर ठेवली. मोठी माणसं न उघडलेला आहेर म्हणून उघडलेलाच आहेर फिरवत राहिली. लेकरं अण्णारावला बघून पळत होती, ती चोरी सापडेल म्हणून.

अण्णाराव पोरीसमोर मातीत उकिडवा बसला. "म्हैस कुठं उतरली गं?"

वर्षाराणीनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं वेड्याकडं पाहतात. "मुदखेडला. तुमाला ठाव न्हाई?"

त्याचे डोळे भरले. मला काही दिसलं नाही असं मी दाखवलं आणि मग दोन दिवस ते सगळ्या गावाला सांगितलं. "शिंगं लई भारी काढलीस," तो म्हणाला. केवळाबाई फणकारली, "आन् त्ये झुबे? त्ये माझे कामून काढले?" पण बखोट सोडलं. अण्णारावशी ती किती दिवसांनी बोलली, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

परत आलो तर नागाबाई किल्लारीचं पान उलटून उलटून बघत बसलेली.

"आवो, मंग? त्या उसाच्या लाईनीतून ती निघाली का न्हाई?"

"पान सरलंय. आता कोरी चिठ्ठी चिकटवावी लागंल. पुढचं अजून कोनी लिव्हलं न्हाई."

"मंग घरात ठिवून काय लोणचं घालायचं?" नागाबाई उखडली. "धोंडप्पाच्या पुतण्याचं लगीन हाय नव्हं? द्या की तिथं!"

शेळीचं पुस्तक अण्णारावनं लिहिलं. त्यात शेळीपेक्षा कोरी पानंच जास्त आहेत. आहेराची पाकिटं आता नागाबाई बांधते, आणि वर अण्णारावला बजावते, "चिकटपट्टी ढिली लावा हो, लेकरायची नखं मोडतेत." तनुजाच्या नावाशेजारी भिंतीवर झुबेवाली हिरवी म्हैस उभी आहे. केवळाबाई येता-जाता तिच्याकडं बघत नाही असं दाखवते.

धोंडप्पाला यातलं अजून काही ठाऊक नाही. त्याला कुणी सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय. पुतण्याच्या लग्नात त्यानं पाकीट उचललं, कानाशी हलवलं आणि पुकारलं, "अण्णाराव पेंटर यांच्याकडून... पाटी!"

मांडव हसला. फक्त पुढं बसलेली लेकरं हसली नाहीत. पाकीट कोणत्या ट्रंकेत जातंय, तिकडं ती माना उंच करून बघत होती.