दिवाणाच्या पोटातला आवाज

आईचा फोन 'सुप्रभात'च्या फुलांनी तुंबला होता. "चालंना झालाय, जरा बघ रं," ती म्हणाली. मी शेंद्र्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेलो, डोकं तापलेलं. सगळे फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंगं एकदमच निवडली आणि उडवली. कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा साफ केली. कामात मी लई चोख माणूस. त्यात दादाचं वाजवणं गेलं, हे मला जेवताना आठवलं आणि मी ताटावरून उठलो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर अपघातात गेला. गिटार पाठीवर होती, तिचाही भुगा झाला. मागं राहिलं ते एवढंच मिनिटभराचं रेकॉर्डिंग, स्वयंपाकघराच्या दारात बसून त्यानं स्वतःची एक चाल वाजवलेली. आई ते रोज सकाळी चहाच्या आधी ऐकायची. त्याशिवाय ती गॅस पेटवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "त्याचं वाजवणं लागंना." मी म्हणालो, "फोन बिघडलाय आई. रविवारपर्यंत करून देतो." का बोललो? भीती वाटली म्हणून. तू माझ्या लेकाला पुसून टाकलंस, असं ती म्हणाली असती तर मी काय उत्तर देणार होतो? दादाच्या दोस्तांना विचारून पाहिलं, कुणाकडंच नव्हतं. पिशोरच्या मावशीला विचारलं नाही. तिला गिटारीतलं काय कळतंय, असं वाटलं.

म्हणून मी ते वाजवणं नव्यानं करायचं ठरवलं. माझ्याकडं इलेक्ट्रिक गिटार होती, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो ती. साधी लाकडी गिटार कुणाकडूनही मागून आणता आली असती. पण पुंडलिकनगरातलं आमचं घर दोन खोल्यांचं, लाकडी गिटारीची तार नुसती छेडली तरी आईला पलीकडं ऐकू जाणार. इलेक्ट्रिकचं तसं नसतं. ती भरीव फळी, तिला पोटच नाही. कानाला हेडफोन लावला की बाहेर फक्त तारांची टिकटिक. चोरी करायला तीच बरी.

पण पोट नाही म्हणून तो आवाजही नाही. पहिल्या दिवशी नुसती पत्र्यावर चमचा मारल्यासारखी वाजली. मग मी जाड तारा चढवल्या. नखी टाकून दिली, बोटांनी वाजवायला लागलो, कारण दादा बोटांनीच वाजवायचा. तारांचा आवाज उचलणारा मानेकडचा पिकअप घेतला, आवाजाचं बटण निम्म्यावर आणलं, मधल्या पट्टीचा आवाज कमी केला. चार संध्याकाळी ही झटापट चालली. हळूहळू आवाज लाकडाकडं सरकायला लागला, आणि मला लागली भीती. चालीत दादा एका ठिकाणी नेहमी चुकायचा, बोट शेजारच्या तारेला लागायचं. मी त्यावरून त्याला लई छळलेलं. आता तीच चूक घोटून घोटून बसवत होतो. शुक्रवारी ती बरोब्बर जमली आणि मी हेडफोन काढून फेकला. माझ्या हातात दुसऱ्याचं बोट होतं. खरं सांगतो, मी उठून हात धुतले.

रविवारी आई विहारात गेली. मी दिवाणाची फळी उचलली, आतल्या गोधड्या बाहेर काढल्या आणि गिटारीचा छोटा स्पीकर त्या रिकाम्या पोटात ठेवून फळी लावली. हा दिवाण दादाचा झोपायचा. वर आईचाच फोन ठेवला, गॅसवर नुसत्या पाण्याचा कुकर चढवला, कारण मूळ रेकॉर्डिंगमध्ये एक शिट्टी होती. मग वाजवलं. आवाज त्या लाकडातून घुमून वर आला, ऊबदार, जरासा बसका, आणि माझ्या मांडीखालचा दिवाण थरथरला. मी रडलो. रडणं रेकॉर्डिंगमध्ये येईल म्हणून तोंड दाबून रडलो, काय माणूस आहे मी.

संध्याकाळी आईनं ऐकलं. मग म्हणाली, "व्हय," आणि उठून चहा टाकला. माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून रोज सकाळी मी अंथरुणात पडून स्वतःचं वाजवणं ऐकतो आणि पलीकडं आई त्याच्याशी बोलते. "सावकाश रं," म्हणते. कधी "जेवलास का?" विचारते. हे ती मेलेल्याला विचारते, आणि वाजवणारा मी तर भिंतीपलीकडं जिता आहे. कधीकधी ओ द्यायला तोंड उघडतं. ऑर्केस्ट्रा मी सोडला, कारण काहीही वाजवलं तरी बोट शेजारच्या तारेला लागायचंच.

मागच्या महिन्यात पिशोरची मावशी डोळे तपासायला आली. दुपारी दोघी बहिणी बोलत बसल्या होत्या. मावशी म्हणाली, "अगं, सूनबाईनं माझ्या नव्या फोनात काय काय भरून दिलंय. तुझ्या थोरल्यानं मला वाजवून पाठवलं हुतं ते पण हाय." आणि तिनं ते लावलं.

तो दादा होता. एका सुरात मला कळलं. माझ्यापेक्षा संथ, एक तार थोडी उतरलेली, आणि चुकल्यावर तो क्षणभर थांबायचा. हे थांबणं मी पार विसरलो होतो. आत्ता सगळं सांगून मोकळं व्हावं, असं वाटलं.

आई म्हणाली, "बंद कर गं. हा त्याचा हात नाय."

"अगं त्यानंच पाठवलंय."

"मी रोज ऐकते त्याला. मला शिकवू नको."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "तूच सांग बाबा. तुझा भाऊ हाय."

दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. फोनवर दादा अजून वाजवतच होता. मी म्हणालो, "आईचं बरोबर हाय मावशी. दुसऱ्याच कुणाचं तरी असंल हे."

मावशीनं फोन बंद करून पिशवीत टाकला. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुला तरी वळखू येतो बाबा तुझा भाऊ."