गुडघ्यातलं पितळ
केस रंगवायची बाटली उघडली की अमोनियाच्या वासाने मी थेट डिचोलीतल्या आमच्या समयांच्या कारखान्यात जाते. काकांचा एक पाय खनिजाच्या ट्रकखाली गेला होता; एके दिवशी त्यांच्या कृत्रिम पायाच्या गुडघ्यातल्या पोलादी बिजागरीला तडा गेला. दुसऱ्या दिवशी मोपाच्या विमानतळावर त्यांना नोकरीवर रुजू व्हायचं होतं. बाबांनी बिजागरी काढून तडा पितळ वितळवून झाळला, पण समई गळू नये म्हणून हात सढळ ठेवायची त्यांची सवय नडली; पितळ सांध्यात उतरलं आणि गुडघा ताठ झाला. बाकावर बसलेले काका सारखे विचारत होते, "दादा, वाकता काय रे?" बाबांनी कानस उचलली तशी मी ओरडले, "बाबा, सांध्यातलो खिळो झिजलो तर पायच गेलो!" कॉलेजात शिकलेलं आठवून मी धावत जाऊन अमोनिया आणि पेरॉक्साइड आणलं; त्यांचं मिश्रण पितळ खातं, पोलादाला शिवत नाही. झाळलेला तडा वाचावा म्हणून बाबांनी त्यावर मेण थापलं आणि भांड्यातल्या त्या मिश्रणात बिजागरी बुडवली. पाणी निळं होत गेलं, डोळे चुरचुरू लागले, सांधा मात्र हलेना. जन्मभर पितळ घडवलेले बाबा भांड्यावर वाकून त्याच पितळेला विनवत होते, "सोड रे तेका, सोड आता." चौथ्यांदा पाणी बदललं तेव्हा बिजागरी कुरकुरली आणि वाकली. काकांनी ती ओलीच छातीशी धरली. आज दोघेही नाहीत. तरी रंग लावण्याआधी मी माझा गुडघा एकदा वाकवून बघते.