चुकीच्या तीनशे अकरा वाटा

राजाराम शितपला लग्नाच्या पंगतीत बसवलं, की पहिला घास गिळायच्या आत तो भाजीत मीठ कमी असल्याचं जाहीर करी. देवळाचा नवा कळस वाकडा बसलाय, हेही आधी त्यालाच दिसलं. असल्या माणसाला एरवी कुणी दारात उभं करत नाही. पण मारुती मंदिराजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने त्याला चक्क पगार देऊन ठेवला. दुसऱ्यांनी बनवलेली अ‍ॅप वापरून बघायची आणि ती कुठे मोडतात ते सांगायचं, हे त्याचं काम. उपजत खोडीला टेस्टर असं मानाचं नाव मिळाल्यावर स्वारीचे पाय जमिनीला लागेनात.

तपासायची त्याची रीत एकच. आपला मेहुणा भागोजी इथे काय माती खाईल? हेदवीला भातशेती आणि देवळाजवळ नारळाचं दुकान सांभाळणारा भागोजी हा राजारामच्या मते जगातला पहिल्या नंबरचा गाढव. म्हणून राजाराम फोन नंबरच्या रकान्यात गावाचं नाव टाकी, जन्मतारीख पुढच्या वर्षाची देई, एकच बटण सात वेळा दाबी. अ‍ॅप कोलमडलं की खूश. "बघा, भागोजीने वाट लावली!" ऑफिसातली पोरं हसत. त्यांनी भागोजीला कधी पाहिलं नव्हतं. राजारामनेही बहुधा नीट पाहिलं नव्हतं.

यंदा खाडीतल्या फेरीबोटीचं तिकीट काढायचं अ‍ॅप आलं. मालकीण श्रुती म्हणाली, "हे निर्दोष गेलं तर तपासणीचा सगळा विभाग तुमच्याकडे." नऊ वर्षं तो या एका वाक्यासाठी ताटकळला होता. बायकोला सांगून झालं, खुर्ची कुठल्या खिडकीशी ठेवायची तेही ठरलं. त्याने तीनशे अकरा चुका करून पाहिल्या आणि तीनशे अकरा वेळा पोरांना दुरुस्तीला बसवलं.

शेवटच्या दिवशी बोटवाले आले. त्यांची अट साधी होती: गावातल्या खऱ्याखुऱ्या माणसाने आमच्यासमोर तिकीट काढून दाखवायचं. राजारामने आनंदाने भागोजीलाच बोलावलं. याच्या हातून टिकलं, तर कुणाच्याही हातून टिकेल.

भागोजी धुवट सदरा घालून आला. खिशातून चष्मा काढला. नाव लिहिलं. नंबर लिहिला, परत वाचला. दोन माणसं, एक दुचाकी, उद्या सकाळची पहिली फेरी. राजाराम बिळापाशी मांजर बसावं तसा त्याच्या बोटावर नजर लावून होता. पण बोट कुठेच चुकेना. बटण भागोजीने एकदाच दाबलं.

'आपण भरलेली माहिती चुकीची आहे.'

"मेल्या, काय भरलंस?" राजारामने फोन हिसकावला. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. एक चूक सापडेना. स्वतः भरून पाहिलं, तरी तेच. तोवर श्रुतीने त्याची तपासणीची यादी उघडली होती. पहिलीच ओळ होती: सगळं बरोबर भरलं तर तिकीट मिळतं. पुढे राजारामच्या हातची बरोबरची खूण.

"शितप, हे कधी तपासलंत?"

तपासलंच नव्हतं. त्यात काय तपासायचं, असं म्हणून ती खूण तो नऊ वर्षं डोळे मिटून करत आला होता. सगळं बरोबर भरणारा माणूस जगात असतो, हेच त्याला कधी पटलं नव्हतं. चुका अडवण्यासाठी त्याने पोरांकडून एवढी कुंपणं घालून घेतली होती, की सरळ येणाऱ्यालाही वाट उरली नव्हती. खिडकीजवळची खुर्ची गेली, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

बोटवाले उठले. भावोजींचा उतरलेला चेहरा बघून भागोजीला फार वाईट वाटलं. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असणार, असं समजून तो हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"भावोजी, मी सगला बराबर लिवला, ताच चुकला वाटतं. चुकीचा काय भरायचा ता तुमी सांगा, मी भरतंय."