बिनशिट्टीचा कुकर

अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात माझ्या साडूइतका संथ माणूस दुसरा नाही. असलाच तर तो अजून घरून निघालेला नसेल, म्हणून आपल्याला त्याची माहिती नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहतो नांदुऱ्यात. विजेच्या खात्यात लाइनमन होता, आता रिटायर आहे, आणि त्याच्या चालीवरून यातलं आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं हे कोणालाच ओळखता येत नाही. तो खांबावर चढायचा तेव्हा खाली बघे जमायचे, कारण लोकांना वाटायचं माणूस वर अडकला. एकदा कोणीतरी शिडी घेऊन धावलं, तर वरून म्हणतो, शिडी राहू दे, चहा सांग, तोवर उतरतो. चहा थंड होऊन त्यावर साय धरली तेव्हा हा उतरला. मी कधी टोमणा मारला तर त्याचं एकच उत्तर ठरलेलं. "भाऊ, घाई करणारे समदे लाइनमन भिंतीवर फोटोत हायेत. मी खुर्चीत आहो."

त्याच्या सदऱ्याच्या खिशात दोन टेस्टर असतात. एक विजेचा आणि एक भाजीचा. हे मी गमतीनं सांगत नाही, दुसऱ्या टेस्टरच्या मुठीला त्यानं हिरवी पट्टी गुंडाळलेली आहे, चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून. वांगं शिजलं का, बटाटा शिजला का, हे तो टोचून बघतो. एका लग्नात त्यानं वाढप्याच्या हातातल्या गुलाबजामला टेस्टर टोचला आणि आत कच्चा आहे असं सगळ्या पंगतीला मोठ्यानं सांगितलं. नवरीकडचे अजून आमच्याशी बोलत नाहीत. माझ्या बायकोच्या भाजीतही तो टोचायचा. ती म्हणायची, माझ्या वांग्यात करंट सापडला का जावई, सापडला तर बिल पाठवा. पण त्याला सांभाळायची युक्ती तिच्याकडेच होती. पंगत बसायच्या अर्धा तास आधी ती त्याला एकट्याला वाढून द्यायची, म्हणजे तो बाकीच्यांबरोबर हात धुवायला उठेल.

ती गेली त्याला आता वर्षावर काही महिने झाले. तेव्हा लोक भेटायला आले. कोणी रडलं, कोणी देवाची मर्जी समजावून सांगितली, एकानं तर मला माझ्याच ओसरीवर बसून जन्ममरण शिकवलं. माझा साडू दोन दिवस उशिरा आला, कोणाशी बोलला नाही, सरळ स्वयंपाकघरात गेला आणि चुलीवरच्या दिव्याचं बटण बदलून बाहेर आला. ते बटण चार महिने बिघडलेलं होतं आणि ती रोज मला सांगत होती. लोक म्हणाले, काय माणूस आहे, दुःखाच्या घरी पेचकस घेऊन आला. मीही म्हणालो. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा मात्र ते बटण मी तीनदा दाबून बघितलं.

आमच्या घरात अशी रीत आहे की बायको गेली तर वर्षभर घरात कोंबडी-बकरं शिजत नाही. वर्षाचं झालं की सासरकडच्या माणसानं यायचं, अंगणात चूल मांडायची आणि घरच्या मसाल्यात रस्सा करून आपल्या हातानं खाऊ घालायचं. तो घास गिळला की दुःख संपलं असं धरायचं. ही रीत कोणी पाडली माहीत नाही, पाडली तेव्हा त्याची बायको जिवंत असावी. माझ्या बायकोला भाऊ नाही, त्यामुळे हे काम साडूकडे आलं. आणि घरचा मसाला म्हणजे तिनं शेवटच्या उन्हाळ्यात भाजून कुटून भरलेली बरणी, अर्धी उरलेली. ती मी स्वयंपाकघरातून उचलून कपड्यांच्या कपाटात ठेवली आहे. वरण मी हळदमिठावर खातो. मेहुणी एकदा भाजीला चमचाभर घ्यायला गेली तर मी असा ओरडलो की बिचारीनं ती भाजी तशीच फोडणीत ठेवून पिशवी उचलली.

म्हणून वर्ष झाल्यावर साडूचा निरोप आला तेव्हा मी सांगितलं, अंगात ताप आहे. पुढच्या महिन्यात तो स्वतःच आला. मी सांगितलं, मी आता खात नाही, माळ घातली. त्यानं चष्मा पुसून माझा गळा नीट पाहिला आणि विचारलं, माळ कुठाय. मी म्हटलं, धुवायला टाकली. तो बरं म्हणाला आणि गेला. एवढ्यावर गप्प बसणारा माणूस नाही हे मला कळायला पाहिजे होतं. संथ माणसाची हीच खोड, तो सोडतही सावकाशच.

त्यात त्याच्या पुण्याच्या पोरीनं त्याला एक भांडं पाठवलं. त्याला म्हणे स्लो कुकर म्हणतात. जगात असं काही निघालं आहे हे कळल्यावर त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो त्याच्या लग्नातही नव्हता. मला दाखवायला गावी घेऊन आला. आत मातीच्या कुंडीसारखं जाड भांडं, बाहेर विजेचं कवच, वर काचेचं झाकण. त्यात काय शिजवायचं याचं एक पुस्तक होतं, ते त्यानं पोरीकडून मराठीत लिहून घेतलं होतं आणि पाठ केलं होतं. मी विचारलं, शिट्ट्या किती. म्हणाला, शिट्टीच नाही. मी म्हटलं, मग शिजलं हे कळते कसं. म्हणाला, बसून राह्यलं की कळते. सहा तास कोंबडी, मग पाऊण तास ते पास्ता आणि चीज. मी म्हटलं, एवढ्या वेळात आमची चूल तीन लग्नं उरकते. तो म्हणाला, म्हणूनच तर लग्नात जामून कच्चे राहतात.

मग म्हणाला, एक दिवस तुमच्याकडे करू. मी मनात हिशेब केला. मैद्याच्या नळ्या, दूध, साय आणि चीज. याला काही आमच्यात जेवण म्हणत नाहीत. हे खाल्लं तर कोणत्याच रीतीत बसणार नाही आणि दर महिन्याची कटकट तेवढी मिटेल. मी हो म्हटलं. आपण फार हुशारी केली असं वाटलं.

सामान जमवायला त्याला आठ दिवस लागले. साय त्यानं घरच्या दुधाची वाटीवाटीनं साठवली आणि त्या आठ दिवसांत माझ्या मेहुणीला तूप मिळालं नाही. चीज नांदुऱ्यात एका दुकानात आइस्क्रीमच्या पेटीत तळाशी सापडलं. कोंबडीवाल्याला त्यानं बिनहाडाचा तुकडा मागितला. कोंबडीवाला म्हणाला, काका, दात गेले का. यानं तोंड उघडून दाखवलं.

पुढची अडचण विजेची. आमच्या गावची लाईन दिवसातून चारदा जाते आणि या भांड्याला सलग सहा-सात तास पाहिजेत. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. पण तालुक्यातला कोणता फीडर कोणत्या आठवड्यात कधी चालतो हे साडूला पोरांच्या नावांसारखं पाठ आहे. त्या आठवड्यात शेतीची लाईन दिवसा होती, सकाळी आठ ते दुपारी चार. मोटर चालवायला सरकार देते ती वीज. म्हणून आम्ही दोघं म्हातारे, मोपेडवर पुढे तो भांडं घेऊन, मागे मी मांडीवर कोंबडी घेऊन, माझ्या शेतातल्या विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत गेलो. एकीकडे हरभऱ्याला पाणी सुरू केलं आणि दुसरीकडे, मोटरच्या पेटीतून रीतसर वायर काढून, कोंबडी लावली. खाली कोंबडी, वर लसूण, लोणी, मीठ, थोडी मिरपूड आणि दूध. तिखट नाही, हळद नाही, धने नाही. आजाऱ्याला सुद्धा याहून बरं देतात असं मी म्हटलं. त्यानं ऐकलं नाही, कारण तो घड्याळ बघत होता.

मग आम्ही बसलो. तासाभरानं मी झाकणाला हात लावला तर त्यानं माझ्या हातावर टेस्टर मारला, हिरव्या पट्टीचा. एकदा उघडलं की अर्धा तास वाया जाते, असं पुस्तकात आहे म्हणे. दुपारी लाईन दहा मिनिटं गेली, तर त्यानं स्वतःच्या डोक्याचा मफलर काढून भांड्याला गुंडाळला आणि पौषाच्या गारठ्यात उघड्या टकलानं बसला. शेजारच्या शेतातला गडी बांधावरून आला, वास घेतला आणि काय शिजून राह्यलं विचारलं. मी म्हटलं, कोंबडी. सकाळपासून, त्यानं विचारलं. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "लय म्हातारी होती काय मंग?" आणि माझ्याकडे पाहत निघून गेला, जणू कोंबडी मीच.

पण खरं सांगायचं तर, एवढा वेळ कोणाजवळ बसायची वर्षभरात माझ्यावर वेळ आली नव्हती. घरी मी उभ्यानंच जेवतो. बसलं की समोरची जागा दिसते.

तीन वाजता त्यानं झाकण काढलं, टेस्टर टोचला, दोन काट्यांनी कोंबडीचे धागे केले, नळ्या टाकल्या, साय टाकली, वरून चीज किसलं. पाऊण तासानं लाईन जायच्या दहा मिनिटं आधी दोन ताटल्यांत वाढलं. पांढरं, घट्ट, लांब तारा सुटणारं. मी चमचा उचलला आणि हात तिथंच थांबला. रीत नाही, जेवण नाही, हे सगळं मीच ठरवलं होतं, पण कोंबडी ती कोंबडी. आणि वाढणारा तिच्या माहेरचा. मला वाटलं, या माणसानं आपल्याला दूधसाईत गुंडाळून फसवलं.

त्याला ते दिसलं असावं. तो माझ्याकडे न बघता आपल्या ताटलीतलं कालवत बोलला.

"खा भाऊ. हे रीतीचं नाही. रीतीले रस्सा लागते, रश्श्याले मसाला लागते. बाईच्या बरणीले तुमी कोनाले हात लावू देत नाही, मले मालूम हाय. म्हनून असं शोधून काढलं का ज्याले मसालाच लागत नाही."

त्याच्या बाकीच्या आयुष्याची सगळी बोलणी जोडली तरी एवढी लांब होणार नाहीत. मी एक घास खाल्ला, मग दुसरा. मोटर बंद पडली, लाईन गेली होती, आणि पाण्याचा आवाज थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"याले चव नाही," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "बिलकुल नाही."

मी ताटली पुढे केली. त्यानं पुन्हा वाढलं. त्याचा पहिलाच घास अजून चालू होता.

तेव्हापासून शेतीची लाईन दिवसाची लागली की तो मोपेडवर भांडं घेऊन येतो. चारदा झालं. गावातले लोक विचारतात, रीतीचं जेवण झालं का. मी सांगतो, अजून नाही, माझा साडू संथ आहे. तिसऱ्यांदा निघताना मी कपाट उघडलं, कपडे बाजूला केले आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर मसाला घेतला. शेतावर ती पुडी नुसती त्याच्या गुडघ्याजवळ ठेवली. त्यानं उघडली, वास घेतला, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. मग पास्त्यावर टाकली. मोटरच्या त्या ग्रीसच्या वासाच्या खोलीत तिचं स्वयंपाकघर आलं. मी म्हटलं, चिमटीनं काही रीत होत नाही. तो म्हणाला, हाव, रीतीले दोन चमचे लागते.

बरणी तशी बरीच आहे. दर वेळी एक चिमूट. घाई आम्हा दोघांनाही नाही.