पुढच्या डाव्या जागेचा पत्रा

“कौन बैठता था यहाँ?”

गाडी कुठल्या सालची, किती चालली, यांतलं काही मिस्त्री विचारत नसत. दार उघडायचे, चपला काढायचे, उकिडवे बसायचे, चटई दुमडून उजव्या हाताचा तळवा पत्र्यावर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि एवढंच विचारायचे. गाडीवाल्याने “कौन मतलब?” म्हटलं, की डोळे न उघडता सांगायचे, “मतलब जो बैठता था, वही.”

कबीरचौऱ्याच्या मागे एका पडक्या भिंतीलगत त्यांचं काम चाले. पाटी नाही, शटर नाही. एक गॅसची टाकी, हातोड्या, पत्रे आणि एक स्टूल. काम एकच: जुन्या गाड्यांचा पाय ठेवायच्या जागी गंजलेला तळ कापायचा आणि नवा पत्रा बसवायचा. चेपलेलं दार ठोकून घ्यायला कोणी आलं, तर “आगे जाइए.” घाई करणाऱ्याला एक ठरलेलं उत्तर होतं. “जल्दी है तो पन्नी चिपका लीजिए.” असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. आपण काम घेऊन गेलो की आपलीच परीक्षा घेतात आणि नापास झालो तर परत पाठवतात.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. शाळेची वाट त्यांच्या भिंतीजवळून जाते. पाचदहा मिनिटं हाताशी असली की मी उभी राहून पाहत असे, आणि माझी खात्री होती की यात चमत्कार वगैरे काही नाही. रंग कुठे झिजला, गंज कुठून सुरू झाला, एवढं नीट पाहिलं तर बसणारा माणूस कसा होता ते कळणारच. हे मी त्यांना एकदा ऐकवलंसुद्धा. त्यांनी मान डोलावली. “बिलकुल ठीक, बहनजी. देखना ही तो है.”

एकदा साड्यांचे एक व्यापारी आपली गाडी घेऊन आले. मिस्त्रींनी मागच्या सीटखाली हात ठेवला आणि तो दारापर्यंत सरकवत नेला. मग म्हणाले, “यहाँ कोई बैठी थी, जो उतरना चाहती थी.” पत्रा फक्त दाराच्या बाजूला घासला होता, टाचा रोवल्यासारखा. व्यापारी पानाची पिंक टाकायला म्हणून बाजूला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. चहावाल्याने मला नंतर सांगितलं, की सासरहून पळून आलेल्या मुलीला ते त्याच गाडीतून तीन वेळा परत पोचवून आले होते. चौथ्यांदा पोचवायला ती उरली नाही.

त्यांच्याकडे शववाहिन्याही येत. लांबून मणिकर्णिका घाटावर जाळायला आणायचं तर प्रेत बर्फावर ठेवतात, आणि बर्फ वितळून तळ कुजतो. या गाड्यांपाशी मिस्त्री तो प्रश्न विचारत नसत. आत शिरताना म्हणायचे, “ज़रा खिसकिए भैया, काम करना है.” मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. मग लक्षात आलं, की दारातून मी स्वतःच एक पाऊल बाजूला झाले होते, कोणाला तरी वाट द्यायला झाल्यासारखी. त्या दिवशी मी शाळेत लवकर पोचले.

आता आमच्या गाडीचं सांगते. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गोल पाठीची, पांढरी, जुनी. आमचं घर संकठाजींच्या गल्लीत, तिथे सायकल नेतानाही अंग चोरावं लागतं. म्हणून गाडी नेहमी मैदागिनजवळ एका ओळखीच्यांच्या आवारात असे. पुण्या-नाशिककडचे नातेवाईक यायचे, जाताना गंगाजलाचे कॅन न्यायचे, आणि स्टेशनापर्यंत ते कॅन पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी असायचे. तीसेक वर्षं ते तिथे ठिबकले. गंगाजल कधी खराब होत नाही म्हणतात. पत्रा होतो.

त्या डाव्या सीटवर आई बसायची. डॅशबोर्डवर गणपती होता, म्हणून ती चपला बाहेर काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घ्यायची. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. अण्णांची नजर अधू झाल्यापासून गाडी मी चालवत होते आणि ते मागे बसत. पुढची डावी जागा रिकामी. तिथे कोणाला बसू द्यायचे नाहीत, पिशवीसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. अधूनमधून त्या सीटकडे पाहून हळूच म्हणायचे, “खिडकी बंद करू का गं? धूल येतेय.”

पासिंगची तारीख आठवड्यावर आली. तळ असा असेल तर पासिंग होणार नाही आणि गाडी भंगारात द्यावी लागेल, हे स्पष्ट होतं. मी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चपला काढल्या, पायाखालचं गोणपाट उचललं आणि तळवा टेकवता टेकवता हात मागे घेतला.

पत्र्याची चाळणी झाली होती. खालची माती दिसत होती. पण मधोमध दोन जागा शाबूत होत्या, त्यांच्यावरचा रंगही तसाच होता. दोन पावलं. लहान, आणि डावं जरा आत वळलेलं. आई जिन्यावरून पडली त्यानंतर तिचं पाऊल असंच पडायचं.

“बैठी हैं,” मिस्त्री म्हणाले.

मी भराभर बोलायला लागले. आईच्या टाचा फुटायच्या, ती रोज सरसोंचं तेल चोळायची, अनवाणी बसायची, तेल गोणपाटातून मुरत गेलं, तेलाखाली पत्रा गंजत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. “तेल तो है, बहनजी. हम कब कह रहे हैं कि तेल नहीं है?”

वेल्डिंग धरायला चहूबाजूंनी चांगली कड लागते. या दोन तुकड्यांना धरायला आजूबाजूला काही उरलंच नव्हतं. कापायचं तर सगळंच कापावं लागणार होतं, पावलांसकट. आणि ते कापायला मिस्त्री तयार नव्हते. “बैठे हुए के पैर के नीचे से हम नहीं काटते. घर में पूछकर आइए.”

घरात विचारायला अण्णाच होते. ते रिक्षाने आले, काठी टेकत गाडीपाशी गेले आणि वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “काटायचं नाही.”

“अण्णा, पासिंग होणार नाही. गाडीच जाईल.”

“गाडीपण जायला नको.”

“आईला जाऊन तीन वर्षं झाली,” मी म्हटलं. आवाज चढला होता माझा.

“मला ठाऊक आहे ती कुठे गेली. खांदा मी दिलाय,” अण्णा म्हणाले आणि मिस्त्रींच्या स्टुलावर बसले.

ते तीन दिवस रोज सकाळी येऊन तिथेच बसले, उघड्या दारासमोर. मला तो बालहट्ट वाटत होता. मिस्त्रींना वाटत नव्हता. ते दुसऱ्या गाड्यांची कामं करत होते, पण हातोडी बेतानं चालवत होते, घरात कोणी झोपलं असावं तशी. चहा मागवताना दोनच मागवायचे, एक अण्णांना द्यायचे आणि दुसरा गाडीच्या दाराशी ठेवून स्वतः मागाहून प्यायचे. तो निवलेला चहा पिताना त्यांना पाहणं मला आवडत नसे.

चौथा दिवस रविवार होता. मिस्त्री अण्णांना म्हणाले, “पंडितजी, आप कभी यहाँ बैठे हैं?”

अण्णा विचारात पडले. ते नेहमी चालवायला. मग मागे. तिथे ते कधीच बसले नव्हते.

“एक बार बैठकर देखिए. नंगे पैर. ठीक उन्हीं के पैर पर.”

अण्णांनी जोडे काढले, बसले आणि पावलांवर पावलं ठेवली. त्यांची मोठी, चहूकडून बाहेर येणारी. मिस्त्रींनी मला गाडी सुरू करून भिंतीच्या टोकापर्यंत न्यायला सांगितलं. तिथे फुटलेल्या नळाचं डबकं कायमचं असे. ते स्वतः दार धरून शेजारून चालत होते. “पैर मत हिलाइएगा, पंडितजी.”

चाक डबक्यात गेलं आणि भोकांतून पाणी वर आलं. पुढून, बाजूने, मागून, घोट्यापर्यंत. मी गाडी थांबवली. अण्णा आपल्या पायांकडे पाहत होते.

“ही भोकं किती जुनी आहेत?” त्यांनी मराठीतच विचारलं. मिस्त्रींना ते समजलं. कडेवरून बोट फिरवून ते म्हणाले, “दस साल. ज़्यादा ही होगा.”

“म्हणजे ती असताना.”

अण्णांनी पावलं जागची हलवली नाहीत.

“ती पाय हलवत नसे,” अण्णा म्हणाले. “मी चिडवायचो तिला, फोटो काढायला बसलीस का म्हणून. सगळ्या पाहुण्यांसमोर चिडवायचो. तिला एवढीच जागा होती, आणि मला बोलली नाही ती.” ते माझ्याकडे वळले. “तुला बोलली होती?”

मी नाही म्हटलं. ते खरं होतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आईबद्दल मला सगळं माहीत आहे असं मी समजत होते. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

अण्णा उतरले. उतरून त्यांनी दार धरलं आणि आत हात पुढे केला, कोणाला आधार द्यावा तसा. मिस्त्री हात जोडून दोन पावलं मागे सरले. अण्णा उतरले तेव्हा सीटची स्प्रिंग एकदा वाजली होती. आता ती पुन्हा वाजली. जुन्या स्प्रिंगा उशिरा वर येतात, हे मला माहीत आहे.

“काट दीजिए,” अण्णा म्हणाले.

मिस्त्रींनी सबंध तळ कापला. ते दोन तुकडे अण्णांना गंगेत सोडायचे होते. मिस्त्रींनी साफ नकार दिला, “नहाने वालों के पैर में लगेगा.” तुकडे आमच्या घरी आहेत, महिन्यातून एकदा मी त्यांना तेल लावते. पासिंग झालं. नव्या तळावर पाय पसरून अण्णा पुढे डावीकडे बसू लागले, आणि मागची सीट रिकामी राहू लागली.

थंडीत एका सकाळी भिंतीपाशी टाकी दिसली नाही. चहावाल्याने सांगितलं, मिस्त्रींना दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी मुलगे मणिकर्णिकेला घेऊन गेले. अण्णांना मी सांगितलं नाही. ते मिस्त्रींना घरी जेवायला बोलवायचं म्हणून माझ्या मागे लागले होते. मी म्हणाले, ते गावाला गेलेत.

होळीच्या सुमारास अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडून घेऊन येत होते. दुपारची वेळ, लख्ख ऊन. भिंतीपाशी आलो आणि अण्णा म्हणाले, “ठहर, ठहर. मिस्त्री उभे आहेत. हात करतायत.”

भिंतीपाशी दोन मोटारसायकली होत्या. माणूस कोणी नव्हतं. अण्णांच्या डोळ्यांत नुकतंच औषध घातलं होतं. हे सगळं सांगता आलं असतं. मी गाडी थांबवली. अण्णांनी मागे हात लांबवून दार उघडलं, “आइए, बैठिए,” म्हणाले, आणि थोड्या वेळाने ओढून घेतलं.

“विचार त्यांना, कुठे सोडायचं.”

मी मागे वळले. सीटकडे पाहून विचारलं, “कहाँ छोड़ दें, मिस्त्रीजी?” मला काही ऐकू आलं नाही. अण्णांनी कान दिला होता.

“मणिकर्णिकेला म्हणतात. गाडी मैदागिनपर्यंतच जाईल, पुढे पायी जावं लागेल, सांग त्यांना.”

मी सांगितलं. खड्डे चुकवत गाडी आणली. मैदागिनला थांबवली, उतरले आणि मागचं दार उघडून धरलं. मागे ई-रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, एकजण शिव्या देत होता. अण्णांनी मान हलवेपर्यंत मी दार लावलं नाही.