घिसाड्याच्या पोरीचा व्हिडिओ

शेगावात मी लग्नाचे व्हिडिओ काढतो. पोट त्यावरच चालतं. पण अधूनमधून मला आपण कलावंत असल्याचा झटका येतो आणि मग मी गावाबाहेर राहणाऱ्या माणसांवर डॉक्युमेंटरी काढतो. त्या फक्त माझी बायको पाहते, आणि तीही अर्ध्यातून कुकर लावायला उठते.

या खेपेला धामणगाव बढेच्या बाजाराजवळ घिसाड्यांचं पाल दिसलं. बाप सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा, वयात आलेली लेक घण घालायची. मी हरखलोच! "उद्या येतो, रोजच्यासारखेच राहा," असं बजावून आलो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर भट्टी थंड, ऐरणीवर फुलाफुलांची चादर आणि लेक जरीच्या साडीत खुर्चीवर!

"मावशी, हे काय? भट्टी पेटवा. हिला साडी बदलायला सांगा."

"काऊन?" तिची माय तडकली. "पोरीचं लगन जमून राह्यलं भाऊ. संग्रामपूरकडचे पाहुने हायेत. त्याइले तुमचा शिनेमा धाडाचा हाय. काजळी फासलेली पोरगी धाडू का?"

मी वास्तव, समाज, जाणीव असं बरंच काही पाजळलं. मायनं माझ्यापुढे चहा ठेवला. झालं, आमची कला तिथंच आडवी! मग मला जे खरंच येतं ते केलं: सनई, स्लो मोशन, वरून गुलाबाच्या पाकळ्या.

आठवडाभरात मायचा फोन. "घोटाळा झाला भाऊ. पाहुने म्हनतात, पोरगी देखनी हाय, पन घन उचलते का नाही?"

मी उड्या मारत पोचलो. बघा, म्हटलं होतं की नाही! पण आता लेकच अडून बसली.

"दाखवीन ना. पन आधी त्याचा व्हिडिओ आना. जल्मभर घन मी मारनार अन् लोखंड तो धरनार. त्याचा हात हालला तं घाव कुठं पडन? मले त्याचा हात पाहाचा हाय."

बापानं हातातली सांडशी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "बरोबर हाय तिचं."

गेलो संग्रामपूरला. तिथं नवरदेव कोट-गॉगल घालून उभा, भट्टी थंड! "पेटव बे ते, नाहीतर लग्न बोंबललं!" मी ओरडलो. त्यानं गडबडीनं कोट काढला. मी फक्त त्याचे हात शूट केले, एकही पाकळी न टाकता.

लेकीनं तो व्हिडिओ पालामागे जाऊन एकटीनं पाहिला. बराच वेळ आलीच नाही. मायचा जीव टांगणीला, माझाही. मग ती आली, पदर खोचला, घण उचलला आणि मला म्हणाली, "करा चालू."